नवमीचा घास अन् नागपूरची सैर

बापाचा मूड खराब आहे असं पोराले वाटलं, म्हणून आम्ही नागपूर पाहायले गेलो. मूड म्हणजे काय ते मले अजून नीट समजलं नाही. बुढी मेल्यावर माणसाचं जे होते, त्याले पुण्याकडं मूड म्हणत असतील.

पोरगा पुण्याले कंपनीत आहे. शनिवारी सांजच्याले सून अन् नात घेऊन आला, सोमवारी सकाळी परत जाणार होता. त्याची माय गेली आषाढात, वद्य नवमीले. तवापासून दर महिन्याले येतो म्हणतो अन् दोन महिन्यांतून एकदा येतो. आल्यावर माझ्यासमोर खुर्ची टाकून बसतो अन् माझ्या तोंडाकडं पाहतो. मी भिंतीकडं पाहतो. असा आमचा दोघांचा दुखवटा चालते.

रविवारी सकाळी गावातली लाइन गेली. लाइन गेली की टॉवर जाते, टॉवर गेलं की मोबाइल मरते. नात नऊ वर्षांची. तिनं सगळ्या घरात मोबाइल वर धरून चक्कर मारली, गोठ्यातही जाऊन आली, अन् म्हणे आबा, तुमच्या गावात पाहायसारखं काहीच नाही. मी म्हटलं गाय आहे. ती म्हणे गाय पाह्यली.

पोरानं चहाचा कप खाली ठेवला अन् म्हणाला, चला, नागपूर करून येऊ. दोन घंट्यांचा तर रस्ता आहे, संध्याकाळी परत. बाबांचाही मूड फ्रेश होईल.

नागपूर मले नवीन नव्हतं. बुढीले घेऊन बावीस दिवस तिथं राह्यलो होतो, पण दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली उतरलो तर औषधाच्या दुकानापर्यंत. बावीस दिवसांत मी नागपुरातला एक पंखा, एक खिडकी अन् एक जिना पाह्यला. हे पोराले सांगितलं असतं तर त्याचाच मूड गेला असता, म्हणून मी धुतलेलं धोतर काढलं.

अर्ध्या घंट्यात निघालो. गाईच्या पाण्याचं शेजारच्या घरी सांगितलं. शेजारची वहिनी वावरात गेली होती, तिच्या सुनेजवळ निरोप ठेवला. वहिनी घरी असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

कारंजाजवळून समृद्धीवर चढलो. तो रस्ता असा आहे की त्याच्यावर चढलेला माणूस मन बदलू शकत नाही. उतरायचं तोंड लागेपर्यंत दोन गावच्या सोयरिकी मोडून पुन्हा जुळतात. ढोर नाही, माणूस नाही, झाडाखाली बसलेलं कोणी नाही. पोरगा म्हणे, पाहा बाबा, कसा रस्ता आहे. मी पाह्यला. रस्त्याशिवाय पाहायले काही नव्हतंच.

अर्ध्या वाटेत वहिनीचा फोन आला, म्हणजे गावात लाइन आली होती.

"भाऊजी, कुठी हा तुमी?"

"नागपूरले चाललो. पोरानं काढलं."

"अन् घराले कुलूप? आज नवमी हाय. बाईचा पाचवा महिना हाय आज."

"नवमी उद्या हाय ना?"

"उद्या दशमी. आज कोणी पान वाढावं तिले? मी?"

चूक माझी होती. तिथ्या-वार सगळे बुढीच्या डोक्यात राहायचे. मी चौथी शिकलेला, मागच्या महिन्यापासून बोटांवर तीस दिवस मोजले अन् सोमवार धरून बसलो. तिथी पगारासारखी तीस दिवसांनी येत नाही हे मले आता समजलं, तेही चालत्या गाडीत.

ज्याच्या घरी असं झालं नाही त्याले सांगतो. मेलेल्या माणसाच्या नावानं वर्षभर, दर महिन्याच्या त्या तिथीले पान वाढतात. घास कवलावर ठेवायचा, कावळा शिवला की मंग घरच्यांनी तोंडात घालायचं. कावळा नाही शिवला तर मेलेल्याचं काहीतरी राहून गेलं असं धरतात. आमच्या घरी चारही महिने कावळा तयार होता. मी शिडीवर अन् तो निंबावर, कधी कधी तर मी खाली उतरायच्या आत त्याचं अर्धं झालेलं. त्यामुळं बुढीचं काही राहून गेलं असं मले कधी वाटलं नव्हतं. माणसाले आपल्याबद्दल बरं वाटायले कावळाही पुरते.

पोराले म्हटलं गाडी फिरव. तो म्हणे इथं फिरवता येत नाही, अन् उतरून परत जाईपर्यंत दुपार होईल.

"कावळे काय आपल्याच गावात असतात का बाबा? एवढं मोठं शहर आहे. तिथं पान वाढू."

मलेही पटलं. जिथं माणसं जास्त तिथं कावळे जास्त, असा आपला हिशेब. तेरवीच्या जेवणावळीत दोघांत फरक करणं कठीण जाते. तरी मी सांगून टाकलं की कावळा शिवल्याशिवाय मी पाण्याशिवाय काही घेणार नाही. सून म्हणाली, मीही थांबते तुमच्यासोबत. सून अमरावतीची, शिकलेली, पण हे ती आपणहून बोलली. मले बरं वाटलं.

नागपुरात शिरल्या शिरल्या एका खानावळीतून पोळी, वरण-भात, वांग्याची भाजी अन् लोणच्याची फोड अशी दोन पुडकी बांधून घेतली. एक बुढीचं, एक माझं. सून म्हणे मी नंतर पाहीन. पोरानं अन् नातीनं तिथंच दोसा खाल्ला. पोरगा म्हणे लहान लेकराले उपाशी ठेवता येत नाही, म्हणून लेकराच्या बापानंही खाल्लं.

पहिलं ठिकाण म्हणजे देशाच्या मधोमध गाडलेला दगड. कोण्या इंग्रजानं मोजून गाडला म्हणतात, बाजूले दगडाचे घोडे आहेत. लोक दगडाले टेकून फोटो काढून राह्यले होते. मी त्या दगडाकडं बराच वेळ पाह्यलं. आमच्याकडं मोजणीवाला दोन वावरांमधल्या धुऱ्यावर असा दगड गाडून गेला की दोन घरं वीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. इथं सगळ्या देशाचा मध्य ठरवून गेला अन् कोणी हरकत घेतली नाही. वावर कोणाचं नव्हतं म्हणून.

बाजूच्या भिंतीवर कागद पसरला, घास ठेवला अन् हात जोडून मागं सरलो. पाचच मिनिटांत पारवे आले. एक नाही, पन्नास. मी रुमालानं हाकलले, ते उडून पुन्हा तिथंच बसले. नातीले लय मजा वाटली. तिनं माझा रुमाल फिरवतानाचा फोटो काढला. अर्धा भात पारव्यांनी नेला. मी पोराले म्हटलं, हे पारवे कोणाचे बाप-आजे आहेत ते त्यांचे त्यांनी पाहावं, आपली बुढी यांच्यात नाही. उरलेलं पुन्हा पुडक्यात बांधलं.

मंग मेट्रो. पोराले विचारलं, कुठं जायचं हाय. तो म्हणे कुठंच नाही. बसायचं, शेवटच्या ठेसनापर्यंत जायचं अन् त्याच गाडीनं परत यायचं. मी म्हटलं, हे तर मी घरी बाजेवर बसून करून राह्यलोच होतो.

आत जाताना सामान एका यंत्रातून काढतात. पुडकं यंत्रातून निघालं तसं तिथल्या पोरानं मले बाजूले घेतलं.

"काका, यात काय आहे?"

"जेवण."

"आत खाता येणार नाही."

"खाणारी आत नाहीच."

"मग कोणासाठी आहे?"

"मरून पाच महिने झाले तिले. आज नवमी हाय. कावळा पाहून राह्यलो."

त्यानं पुडकं दोन्ही हातांनी उचलून परत देलं. म्हणे, काका, आमच्याकडं गोंदियाले पण असंच असते. या गाडीतून गच्च्या दिसतात, खिडकीजवळ बसा. नागपुरात त्या दिवशी मले भेटलेला हा एकच कामाचा माणूस.

गच्च्या खरंच दिसल्या. पाण्याच्या टाक्या, टीव्हीच्या ताटल्या, तुटक्या खुर्च्या, वाळत घातलेले कपडे. एवढ्या उंचावरून मी घरं कधी पाह्यली नव्हती. कावळा जे पाहते ते मी पाहून राह्यलो होतो. दोन्ही बाजूंनी मैलभर गच्च्या, एकाही गच्चीवर पापड नाही, धान्य नाही, बुढी नाही. मी कावळा असतो तर मीही इथं थांबलो नसतो. शेवटचं ठेसन आलं, आम्ही बसून राह्यलो, गाडी उलटी निघाली. बाजूले बसलेल्या एका बाईनं सुनेले विचारलं की बाबा बाहेर काय शोधतात. सून म्हणाली, कावळा. ती बाई सरकून बसली.

दोन वाजून गेले होते. सुनेनं डोकं खिडकीले टेकवलं होतं. तिले उपाशी राह्यलं की कपाळ दुखते. मी म्हटलं तू खाऊन घे. ती नाही म्हणाली, पण सकाळी जशी म्हणाली होती तशी नाही. माझ्या पोटातही आग पडली होती. वावरात राबताना भूक लागते ती येगळी, ती कामात मरते. बसून वाट पाहताना लागते ती भूक माणसाले खाते.

शेवटी नातीनं जनावरांचा बगीचा काढला. मी म्हटलं चाला, तिथं पाखरं तरी असतील.

तिथं मोर होते पिंजऱ्यात, पोपट होते पिंजऱ्यात, घुबडही होतं. तिकीट काढून सगळं पाहायले भेटत होतं. कावळा फुकटचा, म्हणून नव्हता. बिबट्याच्या पिंजऱ्यासमोर गर्दी होती. बिबट्या पाय पसरून झोपला होता अन् माणसं टाळ्या वाजवून त्याले उठ म्हणून राह्यली होती. आमच्या शिवारात बिबट्या दिसला तर चार गावं झोपत नाहीत, तो कुठंतरी जाऊन झोपावा म्हणून देवाले नारळ बोलतात. इथं त्याची झोप लोकायले पाहवत नव्हती.

अन् त्याच पिंजऱ्याच्या कोपऱ्यावर कावळा बसला होता. एकटाच. गळ्याभोवती करडा, अंगानं भरलेला, आतल्या हाडकाकडं पाहून राह्यला होता.

मी जवळच्या बाकड्याच्या टोकावर कागद पसरला. पारव्यांनी शिवलेलं तिले कसं द्यावं, म्हणून माझं पुडकं सोडून त्यातलं ताजं मांडलं. पोळी मोडली, वरण-भात, भाजी, वर लोणच्याची फोड. मागं सरून हात जोडले, तेवढ्यात तिथला राखणदार आला अन् पाटी दाखवली की प्राण्यांना खायला देऊ नये.

मी म्हटलं, कावळ्याले देऊन राह्यलो.

तो विचारात पडला. त्यानं पाटीकडं पाह्यलं, कावळ्याकडं पाह्यलं. म्हणे, कावळा आपल्या यादीत नाही. तो बाहेरचा आहे. मंग तोही आमच्याबाजूनं उभा राह्यला.

कावळ्यानं मान वाकडी करून घास पाह्यला अन् पुन्हा हाडकाकडं पाह्यलं.

आता बिबट्या उठत नाही म्हणून कंटाळलेली माणसं आमच्याकडं वळली. कोणाले काही समजून सांगावं लागलं नाही. शहर असो नाही तर खेडं, पानाले कावळा शिवत नाही हे आपल्या माणसाले दुरून समजते अन् सल्ला त्याच्या तोंडात तयार असते. एक म्हणे गोड ठेवा. एक म्हणे तोंड दक्षिणेले पाहिजे. चष्मेवाला एक म्हातारा पुढं आला अन् म्हणे, काही राहिलं असेल बाईचं, शब्द द्या, मोठ्या मुलानं आधी.

पोरगा लाजला. पण माणसं पाहून राह्यली होती. त्यानं हात जोडले अन् हळूच म्हटलं, आई, मी बाबांना पुण्याला घेऊन जातो.

कावळा दोन हात मागं सरकला. मीही सरकलो असेन.

मंग पोरानं दर महिन्याले गावी येईन असं सांगितलं. कावळ्यानं चोच पिंजऱ्याले घासली. त्याले येण्या-जाण्याचा हिशेब माहीत असावा. नात म्हणे आजी, मी मोबाइल कमी पाहीन, अन् हे ती मोबाइलमधूनच म्हणत होती, कावळ्याचं शूटिंग करत. चष्मेवाला म्हणे, आता तुम्ही बोला. मी बोललो. म्हटलं गाय विकणार नाही. म्हटलं तुह्या माहेरच्यायले दिवाळीले बोलावीन, त्यांच्याशी नीट बोलीन. हे बोलताना जीवावर आलं होतं, तरी बोललो. कावळा जागचा हलला नाही.

तवा पहिल्यांदा मले भेव वाटलं. चार महिने निंबावरच्या त्या कावळ्यानं मले खोटं तर नसेल सांगितलं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिनं तोंड हलवलं होतं, मले आयकू आलं नव्हतं. मी नर्सले बोलवायले जिन्याकडं पळालो अन् आलो तवा सगळं झालं होतं. काय म्हणायचं होतं तिले, ते मी पाच महिन्यांत कोणाले विचारू शकलो नाही. आता एका भरल्या पोटाच्या कावळ्याले विचारून राह्यलो होतो.

सून बाकड्याच्या दुसऱ्या टोकावर कपाळ धरून बसली होती. ती एकदम म्हणाली, "बाबा, एक बोलू? राग येईल तुम्हाला."

"बोल."

"आई कधी तुमच्या आधी जेवल्या होत्या का?"

मी कावळ्याकडं पाह्यलं.

"मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही वावरातून येईपर्यंत, दुपारी तीन वाजेपर्यंत, बसून राहायचो आम्ही दोघी. मला चक्कर यायची. त्या म्हणायच्या, त्याईचं होऊ दे. आता तुम्ही म्हणता, तिचं आधी होऊ दे. त्या येतील का अशा?"

चष्मेवाला म्हणे, असं नसते बाई, शास्त्र आहे. सून त्याच्याकडं न पाहता म्हणाली, शास्त्र तुमचं, सासू माझी होती.

पंचेचाळीस वर्षं मी हात धुऊन पाटावर बसलो, जेवलो अन् उठलो. मागं भाताच्या गंजात काय उरलं ते पाह्यलं नाही. ती जेवली का, हे विचारल्याचं एकही साल आठवत नाही. बाजाराच्या दिवशी सांज करून यायचो, पत्ते खेळत बसायचो, ती चुलीपाशी बसलेली. मले वाटे बाईमाणसाले भूक उशिरा लागते. आज एक दिवस, एकच दिवस दुपारपर्यंत कोणाची तरी वाट पाहत उपाशी बसलो तर मले सगळ्या नागपूरचा राग आला होता, पारव्यांचा, मेट्रोचा, बिबट्याचा. तिनं हे रोज केलं अन् कोणाचाच राग केला नाही. केला असेल तर मले सांगितला नाही. मी विचारलं नव्हतं.

मी बाकड्यावर बसलो. तिच्यासाठी ताजं मांडलेलं तसंच राहू देलं. पारव्यांच्या तोंडचं जे पुडकं होतं ते मांडीवर सोडलं. त्यातली अर्धी पोळी सुनेपुढं धरली. ती म्हणाली, हे पारव्यांनी खाल्लेलं आहे बाबा. मी म्हटलं, पारव्यांनी भात खाल्ला, पोळी खा. तिनं खाल्ली. मीही वांग्याच्या भाजीसंग पोळीचा तुकडा तोंडात घातला. चष्मेवाल्यानं तोंड फिरवलं. दोन बायका म्हणाल्या की हे काही बरं झालं नाही. मी चावत राह्यलो. भाजी थंडगार, वरून तेल गोठलेलं, पण पोटात गेल्यावर हातपाय हलके झाले.

चौथा घास असेल. माझ्या डाव्या बाजूले कागद वाजला.

कावळा बाकड्यावर होता. त्यानं भात पाह्यला नाही, भाजी पाह्यली नाही, आधी लोणच्याची फोड उचलली. मंग पोळी. घाईनं नाही, सगळ्यांचं झाल्यावर बसलेली बाई जशी जेवते तशी, चारही बाजूंनी आवरत. माणसं हरखली. राखणदारानं टोपी काढली. पोरगा रडून राह्यला होता अन् ते दिसू नये म्हणून बिबट्याकडं पाहत होता. नात म्हणे, आबा, मेमरी फुल झाली, आलंच नाही शूटिंगमध्ये.

सगळ्यांले वाटलं आता बुढा खुश झाला. चष्मेवाल्यानं माझ्या खांद्यावर हातही ठेवला, म्हणे झालं समाधान. माझं काहीच समाधान झालं नव्हतं. मले तिचा राग आला होता. जित्तेपणी केलं ते केलं. आता कोण बसलं होतं तिच्या डोक्यावर, कोणत्या सासूचं भेव होतं, अन् कोणाची वाट पाहून राह्यली होती ती त्या लोखंडावर बसून.

कावळा हातभर अंतरावर होता. मी त्याच्याकडं वाकून म्हटलं, "पुढच्या महिन्यात आधी जेवजो. माह्यासाठी थांबू नको."

त्यानं भाताचं शेवटचं शीत उचललं अन् पिंजऱ्यावर जाऊन चोच पुसली.